अमेरिकेतील कृष्णवर्णीय पशुवैद्य : एका बंद दाराचा इतिहास



टस्कीगी हे गाव अमेरिकेच्या नकाशावर शोधूनच काढावे लागते. पण मराठी घरात ते परके नाही. १९८१ साली वीणा गवाणकर यांचे 'एक होता कार्व्हर' हे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि तेव्हापासून शेंगदाण्यावर संशोधन करणारा, गुलाम आईच्या पोटी जन्मलेला तो शास्त्रज्ञ आपल्याकडच्या शाळकरी मुलांच्याही ओळखीचा झाला. कार्व्हर १८९६ साली टस्कीगीच्या विद्यालयात आले आणि १९४३ साली मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९४५ साली, त्याच आवारात गुराढोरांच्या डॉक्टरांची एक शाळा निघाली. कार्व्हरांची कथा आपल्याकडे घरोघर पोचली, या शाळेची मात्र पोचली नाही. आज तीच सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

कोणी विचारील, कामगार संघटनेत आयुष्य घालविलेल्या माणसाला पशुवैद्यांशी काय कर्तव्य? प्रश्न रास्त आहे. आम्ही कॉलेजाची पायरी चढलो नाही. जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीत रात्री दिव्याखाली आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. परंतु एखाद्या धंद्याच्या दारातून कोणाला आत घेतात, कोणाला उंबऱ्याबाहेर ठेवतात आणि त्यासाठी कोणती सबब पुढे करतात, हे पाहणे हेच आमचे रोजचे काम आहे. आणि अमेरिकेत ज्या धंद्याचे दार काळ्या माणसाला सर्वांत अधिक काळ बंद राहिले, त्यांत पशुवैद्यकाचा नंबर फार वरचा आहे. त्या देशात शंभरामागे तेरा माणसे कृष्णवर्णीय आहेत. पशुवैद्यांत मात्र ती शंभरामागे दोन-तीन निघतात. वकील, डॉक्टर, शिक्षक या धंद्यांतही तफावत आहेच. पण इतकी नाही.

या तफावतीचे एक सोपे उत्तर नेहमी दिले जाते. काळ्या मुलांना जनावरांची आवडच नाही, असे ते उत्तर. या उत्तराचा निकाल इतिहासानेच लावलेला आहे, म्हणून आरंभ तेथून करू.

गुलामगिरीच्या काळात दक्षिणेकडील मळ्यांवर घोडे, खेचरे, गाई यांची निगा कोण राखीत होते? मोतद्दार कोण, नालबंद कोण, अडलेली गाय सोडविणारा कोण? बव्हंशी गुलामच. मालकाच्या पागेतील लाखमोलाचा घोडा ज्याच्या हाती बिनघोर सोपविला जाई, तो स्वतः त्याच मालकाच्या जिंदगीच्या यादीत घोड्याच्या शेजारी लिहिलेला असे! १८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली तेव्हा हे सारे कसब त्या लोकांच्या हाती होते. दहा वर्षांनी, १८७५ साली, केंटकी डर्बी ही प्रसिद्ध शर्यत प्रथम धावली. पंधरा घोडे होते आणि त्यांवरील तेरा जॉकी कृष्णवर्णीय होते. जिंकलेल्या घोड्याचा जॉकी ऑलिव्हर लुईस हा काळा. त्याला तयार करणारा अॅन्सेल विल्यमसन हाही काळा, पूर्वाश्रमीचा गुलाम. आयझॅक मर्फी याने पुढे तीच शर्यत १८८४, १८९० आणि १८९१ अशी तीनदा जिंकली.

दुसरा दाखला विल्यम की यांचा. १८३३ साली टेनेसी राज्यात ते गुलाम म्हणून जन्मले. घोड्यांचे दुखणे ओळखण्याची विद्या त्यांनी कोणत्याही शाळेत न जाता संपादन केली. स्वातंत्र्यानंतर शेल्बीव्हिल गावी त्यांनी जनावरांची वैद्यकी चालविली, स्वतः बनविलेले मालिशचे औषध विकून बऱ्यापैकी पैसा मिळविला आणि लोक त्यांना 'डॉक्टर' म्हणू लागले. त्यांच्याकडे एक शिंगरू जन्मले, तेही अधू. चाबूक न उगारता, केवळ माया आणि चिकाटी यांच्या बळावर त्यांनी त्याला असे शिकविले की 'जिम की' या नावाने तो घोडा देशभर गाजला. १९०४ साली सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात त्याला पाहण्यासाठी लोकांनी रीघ लावली होती. जनावरांना मारू नये हा विचार अमेरिकेतील असंख्य मुलांना या गुलाम म्हणून जन्मलेल्या माणसाकडून आणि त्याच्या घोड्याकडून मिळाला.

मग ही माणसे गेली कोठे? जॉकींचे उत्तर स्पष्ट आहे. बक्षिसाच्या रकमा वाढल्या तसे गोऱ्या जॉकींनी त्यांना धावपट्टीवर कुंपणाकडे रेटण्यास आरंभ केला आणि मालकांनी त्यांना घोडे देणे बंद केले. १९०२ साली जिमी विंकफील्डने केंटकी डर्बी जिंकली. त्यानंतर कोणा कृष्णवर्णीय जॉकीच्या वाट्याला तो मान आलेला नाही. वैद्यांची गोष्ट याहून सभ्यपणे घडली. त्यांना कोणी धक्का दिला नाही. केवळ धंद्याला कॉलेज आले, पदवी आली, परवाना आला आणि हे सारे जेथे मिळावयाचे त्या इमारतीत त्यांना मज्जाव झाला.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आम्ही स्वतः पदवीवाचूनचे आहोत. तेव्हा पदवीला नावे ठेवणे आम्हाला सोयीचे आहे. परंतु ते खरे होणार नाही. गुरांतील क्षय माणसाला होतो, सडके मांस शहरेच्या शहरे आजारी पाडते; जंतुशास्त्र शिकलेल्या वैद्याची गरज खरीच होती. परीक्षा ही अडचण नव्हती. परीक्षेपर्यंत जाणारा रस्ता कोणाच्या ताब्यात होता, ही अडचण होती.

तो रस्ता असा आखला गेला. १८६२ साली अमेरिकेच्या काँग्रेसने मॉरिल कायदा करून राज्यांना शेतकी आणि यांत्रिक शिक्षणाच्या कॉलेजांसाठी जमिनी दिल्या. आयोवा राज्याने अशाच कॉलेजात १८७९ साली देशातील पहिली सरकारी पशुवैद्यक शाळा काढली. दक्षिणेतील राज्यांनी मात्र ही कॉलेजे गोऱ्यांसाठी राखली. तेव्हा १८९० च्या दुसऱ्या कायद्याने त्यांना बजावले की, एकतर काळ्यांना प्रवेश द्या, नाहीतर त्यांच्यासाठी निराळे कॉलेज काढा. राज्यांनी निराळी कॉलेजे काढली. त्यांत नांगरट, सुतारकी, लोहारकी शिकविली जाई. पशुवैद्यकाची पदवी एकाही ठिकाणी नाही. ती शाळा खर्चाची : दवाखाना हवा, प्रयोगशाळा हवी, शवविच्छेदनाची खोली हवी, जनावरे हवीत. पैसा आला की तो गोऱ्यांच्या कॉलेजाकडे वळे. अलाबामा राज्यात ऑबर्न येथे १९०७ साली दक्षिणेतील पहिली पशुवैद्यक शाळा निघाली. टस्कीगीपासून ऑबर्न अवघ्या वीस मैलांवर आहे. ते वीस मैल तुडविण्यास काळ्या विद्यार्थ्याला १९६४ साल उजाडावे लागले. त्या वर्षी न्यायालयाच्या हुकमाने ऑबर्नच्या विद्यापीठात पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी दाखल झाला.

उरला उत्तरेचा मार्ग. तो अगदीच बंद नव्हता. त्रिनिदाद बेटात १८६९ साली जन्मलेले ऑगस्टस लशिंग्टन यांनी कॉर्नेल येथे शेतकीचे शिक्षण घेतले आणि १८९७ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून पशुवैद्यकाची पदवी मिळविली. या पदवीच्या आरंभीच्या कृष्णवर्णीय मानकऱ्यांत त्यांची गणना होते. पुढे व्हर्जिनियातील लिंचबर्ग गावी त्यांनी वैद्यकी केली. १९३९ साली ते वारले. असे लोक बोटांवर मोजण्याइतके. कारण उत्तरेतील सरकारी शाळांत जागा थोड्या आणि त्या प्रथम आपल्या राज्यातील रहिवाशांना. म्हणजे दक्षिणेतील काळ्या मुलाला घरच्या राज्यात कातडीचा रंग आडवा येई आणि परराज्यात रहिवासाचा दाखला! शिवाय प्रवेश मिळाला म्हणजे बिऱ्हाड मिळाले असे नव्हे. आयोवाच्या एम्स गावात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना वसतिगृहात थारा नव्हता, तेव्हा आर्ची आणि नॅन्सी मार्टिन या कृष्णवर्णीय दांपत्याने आपल्या घरात त्यांना आसरा दिला. आज त्याच विद्यापीठात मार्टिन यांच्या नावाचे वसतिगृह उभे आहे.

असे असूनही या आयोवातून एक धागा निघाला आणि तो तुटला नाही. कार्व्हर हे तेथील पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी. त्यानंतर १९१८ साली एडवर्ड एव्हन्स यांनी तेथून पशुवैद्यकाची पदवी घेतली आणि टेक्सासमधील प्रेअरी व्ह्यू या काळ्यांच्या कॉलेजात ते शिकवू लागले. तेथे त्यांच्या हाताखाली एक पोरका मुलगा होता. आईबाप दोघेही क्षयाने गेलेले, थोरल्या बहिणीने वाढविलेला. त्याचे नाव फ्रेडरिक डग्लस पॅटरसन. जन्म १९०१ चा. एव्हन्स यांना जनावरांवर उपचार करताना पाहून त्याने ठरविले की आपणही हेच व्हावयाचे. १९२३ साली आयोवातून तो पशुवैद्य झाला, १९२८ साली टस्कीगीला शिकविण्यास आला, १९३२ साली कॉर्नेलची डॉक्टरेट मिळविली आणि १९३५ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, टस्कीगी विद्यालयाचा अध्यक्ष झाला.

एका मुलाने आपल्या रंगाचा एक पशुवैद्य डोळ्यांनी पाहिला, एवढीच ही गोष्ट. परंतु आम्ही तिला फार महत्त्व देतो. जो धंदा आपल्यापैकी कोणी करताना मुलाने कधी पाहिलाच नाही, त्याची आवड त्याला कोठून लागणार? 'आवड नाही' हे कारण म्हणून सांगितले जाते. वास्तविक तो परिणाम आहे.

पॅटरसन अध्यक्ष झाले तो काळ दक्षिणेला अडचणीचा येत होता. १९३८ साली गेन्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मिसूरी राज्याला सांगितले की, गोऱ्यांसाठी कायद्याचे कॉलेज चालविता, तर काळ्या विद्यार्थ्यालाही ते शिक्षण राज्यातच मिळाले पाहिजे. परराज्यात जाण्यासाठी फी देऊन हात झटकता येणार नाहीत. निकाल कायद्याच्या शिक्षणाविषयी होता. पण डॉक्टरी, दंतवैद्यक, पशुवैद्यक सर्वांना तो लागू पडणार हे उघड होते. त्यातच दुसरे महायुद्ध सुरू झाले. काळे तरुण फौजेत गेले. टस्कीगी येथेच काळे वैमानिक तयार झाले. सैनिक परतल्यावर सरकारी मदतीने शिकू इच्छिणार होते. पॅटरसन यांनी वेळ ओळखली. १९४४ साली त्यांनी काळ्यांच्या खाजगी कॉलेजांसाठी संयुक्त निधी उभारला. प्रत्येक कॉलेजाने एकटे भीक मागण्यापेक्षा सर्वांनी मिळून मागावे, ही त्यातली कल्पना. आम्हा संघटनेच्या लोकांना ती निराळी समजावून सांगण्याची गरज नाही. आणि १९४५ साली पशुवैद्यक शाळा उघडली. तिचे पहिले प्रमुख म्हणून आले, ते पॅटरसन यांचे जुने गुरुजी एव्हन्स!

१९४९ साली पहिली तुकडी बाहेर पडली. तीत आल्फ्रेडा जॉन्सन वेब या होत्या. त्याच वर्षी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून जेन हिंटन यांनी पदवी घेतली. पशुवैद्य झालेल्या पहिल्या कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्रिया त्या ह्याच दोघी. हिंटन यांचे नाव आपल्या गावच्या प्रयोगशाळेतही पोचलेले आहे, फक्त ते कोणाचे हे कोणी विचारीत नाही. कोणत्या जंतूवर कोणते औषध चालेल हे पाहण्यासाठी ज्या खळीवर जंतू वाढवितात, तिला म्युलर-हिंटन म्हणतात. १९४१ साली हार्वर्डमधील प्रयोगशाळेत म्युलर यांच्याबरोबर ती सिद्ध करणाऱ्या हिंटन त्या याच. वेब यांनी पुढे अध्यापन केले, उत्तर कॅरोलिना राज्याच्या विधिमंडळात बसणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री होण्याचा मान मिळविला आणि त्या राज्यात नवी पशुवैद्यक शाळा काढण्याची योजना आखणाऱ्या समितीवरही काम केले.

या शाळेच्या इतिहासात एक कडू प्रकरण आहे. ते झाकणे बरे नव्हे. १९४८ साली दक्षिणेतील राज्यांनी शिक्षणाचा एक संयुक्त करार केला. त्याअन्वये ती राज्ये आपल्या काळ्या विद्यार्थ्यांसाठी टस्कीगीत जागा विकत घेऊ लागली. शाळेला पैसा मिळाला, मुलांना शिक्षण मिळाले. परंतु गोऱ्यांच्या शाळांना काळ्यांना दार न उघडण्याची सोयही मिळाली. काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या राष्ट्रीय संघटनेने या योजनेला कडाडून विरोध केला. गेन्स खटल्यात जे मिळविले त्याला ही पळवाट आहे, असे तिचे म्हणणे होते. आम्ही कराराच्या मेजाशी पुष्कळदा बसलो आहो. आजच्या पगारासाठी उद्याचा हक्क सोडावा काय, हा प्रश्न तेथे नेहमीच उभा राहतो आणि त्याचे उत्तर खोलीबाहेरच्या माणसाला जितके सोपे वाटते तितके आतल्याला नसते. संघटनेचे म्हणणे तत्त्वतः बरोबर होते. परंतु पॅटरसन यांच्या दारात त्या वर्षी मुले उभी होती. आमच्या मते दोघांनीही आपापले काम केले. खटले लढणाऱ्यांनी १९५४ सालपर्यंत शाळांतील वेगळेपणाच बेकायदा ठरवून घेतला आणि टस्कीगीने तोवर पशुवैद्य घडविले.

या शाळेत काळ्यांनाच प्रवेश, असा नियम नाही. तेथे गोरेही शिकतात, लॅटिन अमेरिकेतील व आफ्रिकेतील मुलेही शिकतात. तरी आज अमेरिकेत जे कृष्णवर्णीय पशुवैद्य आहेत त्यांतील सुमारे सत्तर टक्के या एका शाळेचे आहेत, असे ती संस्था सांगते. देशात अशा शाळा तीसहून अधिक आहेत हे ध्यानी घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो. टस्कीगीला तो भूषणावह आहे, बाकीच्यांना नाही.

कायद्याचे अडसर निघून साठ वर्षे झाली. मग तफावत का राहिली? येथे इतिहास संपतो आणि आमच्या धंद्याचा प्रश्न सुरू होतो. पशुवैद्य होण्यास त्या देशात कॉलेज धरून साधारण आठ वर्षे लागतात आणि बाहेर पडताना कर्जाचा बोजा अनेकांच्या डोक्यावर दीड लाख डॉलरच्या घरात असतो; मिळकत मात्र माणसांच्या डॉक्टरांहून पुष्कळ कमी. ज्याच्या बापाचे घर आहे, त्याला हे कर्ज पेलते. परंतु याहून बारीक अडसर प्रवेशाच्या अर्जात आहे. अर्जदाराने आधी जनावरांच्या दवाखान्यात काम केलेले असावे, काही शाळांत तर शेकडो तास. आणि एखाद्या पशुवैद्याने त्याची शिफारस करावी. अट वाजवी दिसते. पण हे तास पुष्कळदा बिनपगारी असतात. ज्या मुलाला सुट्टीत दुकानात उभे राहून घरी पैसे द्यावे लागतात, त्याने फुकट काम कोठे व कधी करावे? ज्या वस्तीत गुरांचा किंवा कुत्र्यामांजरांचा दवाखानाच नाही, तेथल्या मुलीने शिफारस कोणाची आणावी? रंगाचा उल्लेख अर्जात कोठेही नाही. तरी गाळणी जुन्याच मापाची आहे. १९७८ च्या बाकी खटल्यात राखीव जागांची रीत बेकायदा ठरली होती; प्रवेश देताना वंशाचा विचार करण्याची मुभा तेवढी उरली होती, तीही सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली बव्हंशी काढून घेतली. त्यामुळे ही गाळणी अधिकच कामाची झाली आहे.

बिनपगारी उमेदवारी आम्ही जवळून पाहिली आहे. एका कारखान्यात मुले वर्षभर 'शिकतात' म्हणून राबत आणि कायम मात्र तोच होई, ज्याच्या घरी वर्षभर चूल पेटविणारे दुसरे कोणी असे. त्यात कोणाला जातीवरून हाकलल्याचे उदाहरण दाखविता येत नसे. पण वर्षाअखेर उरलेली नावे वाचली की सारे समजे.

आणि हे बोलताना आमच्या चळवळीने स्वतःकडेही पाहिले पाहिजे. अमेरिकेतील रेल्वे कामगारांच्या कित्येक युनियनांनी आपल्या घटनेतच 'फक्त गोरे' असे लिहून ठेवले होते. म्हणून १९२५ साली रँडॉल्फ यांना शयनगाडीतील काळ्या नोकरांची निराळी युनियन बांधावी लागली. आणि मुंबईच्या गिरण्यांत? विणकाम-खात्यात पगार अधिक; पण तेथे अस्पृश्य कामगाराला मज्जाव होता. सबब अशी की, धोट्यात धागा ओढताना तो तोंडाने ओढावा लागतो आणि एकाचा धोटा दुसऱ्याच्या हाती जातो. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला, तेव्हा मालकांशी झुंजणारे ते पुढारी अडखळले. जुन्या कामगारांच्या तोंडून ही हकीगत ऐकताना आम्हाला मान खाली घालावी लागली आहे. दाराला कडी लावणारा हात दर वेळी मालकाचाच असतो असे नाही.

श्रोतेहो, पॅटरसन १९८८ साली वारले. आदल्याच वर्षी त्यांना देशाचे सर्वोच्च नागरी पदक मिळाले होते. परंतु त्यांच्या आयुष्यातील जो प्रसंग आमच्या मनात राहिला आहे तो पदकाचा नव्हे. प्रेअरी व्ह्यूच्या गोठ्यात एव्हन्स गुरुजी एका जनावरावर उपचार करीत आहेत आणि तो पोरका मुलगा शेजारी उभा राहून पाहत आहे. या गावातही गुरांचा दवाखाना आहे, प्रयोगशाळा आहेत, कारखाने आहेत. तेथे शिकावयास उभ्या असलेल्या पोराला कोणी उभे राहू देते काय, आणि उभे राहिल्याच्या दिवसाची मजुरी त्याला मिळते काय, एवढे आपण चौकशी करून पाहावे, इतकीच विनंती करून आम्ही रजा घेतो.